वाचक विचारतात : तोफांच्या तोंडासमोर चर कसा खणायचे?

प्रश्न : सतराव्या शतकातल्या युरोपीय वेढ्यांच्या चित्रांत किल्ल्याकडे जाणारे चर नागमोडी दिसतात. सरळ का नाहीत? आणि समोरून गोळीबार चालू असताना खणणारे वाचायचे कसे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चर सरळ नेला तर तटावरच्या एकाच तोफेचा गोळा त्याच्या लांबीभर धावतो आणि वाटेतला कोणी उरत नाही. म्हणून प्रत्येक तुकडा तिरपा. त्याची रेघ पुढे वाढवून पाहायची. ती किल्ल्याच्या सर्वांत बाहेरच्या टोकालाही वळसा घालून गेली पाहिजे. किल्ला जवळ येतो तसा कोन अधिक तिरपा करावा लागतो आणि तुकडे आखूड होतात. रात्री घाईत आखणी चुकली, तर उजाडल्यावर तो तुकडा निकामी.

लांबवर असताना रात्री अनेक मजूर एकदम लावत. मारा जवळून होऊ लागला की काम सॅपरांकडे, म्हणजे चर खणण्यात तरबेज शिपायांकडे, जाई. फ्रेंच सेनेचा वेढातज्ज्ञ व्होबाँ याची पद्धत अशी : आठ जणांची टोळी, चौघे खणायला, चौघे मागून सामान पुरवायला. पुढे चाकांची ढाल किंवा काटक्या ठासून भरलेला मोठा करंडा लोटत न्यायचा. पहिला सॅपर गुडघ्यांवर बसून किल्ल्याच्या बाजूला कणगीसारखा बिनबुडाचा करंडा उभा करतो आणि दीड फूट रुंद, दीड फूट खोल खणून ती माती त्यात भरतो. मागचे तिघे प्रत्येकी अर्धा फूट रुंदी आणि अर्धा फूट खोली वाढवतात, म्हणजे चौथ्यामागे तीन फुटी चर तयार. नंतर साधे शिपाई तो रुंद करतात. सर्वांत धोका पहिल्याला, म्हणून जागा आळीपाळीने बदलत.

घात होतो तो बारीकसारीक गोष्टींत. करंडे गोल, त्यामुळे दोहोंमध्ये फट राहते आणि बंदुकीची गोळी नेमकी तिथून येते. तिथे आखूड मोळ्या किंवा वाळूची पोती ठासायची. करंडा आणि चराची कड यांत अर्धा फूट जागा सोडली नाही, तर कड ढासळून करंडाच आत येतो. शिवाय भरलेला करंडा बंदुकीला पुरतो, तोफेला नाही. त्यासाठी मागच्यांनी माती करंड्यांपलीकडे टाकत बांध जाड करायचा असतो.

एवढे करूनही किल्ल्यातली शिबंदी छापा घालून सगळे उधळू शकते. १६७३ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या वेढ्यात व्होबाँने किल्ल्याला समांतर असे लांब, रुंद चर काढून त्यांत पायदळ तयार ठेवले. चर सुरू झाल्यापासून अवघ्या तेरा दिवसांत शहर शरण आले. आमच्या मते त्याचा खरा शोध हाच. नागमोडी चर त्याच्या आधीही होते.

प्रश्न : आपल्या डोंगरी किल्ल्यांपुढे हे चालले असते?

उत्तर : फारसे नाही. निदान तीन फूट माती हवी. सह्याद्रीच्या कड्यांवर कुदळ लगेच कातळाला लागते. आडोसा मग जमिनीवरच रचावा लागे. १६६५ मध्ये पुरंदरला मोगलांनी लाकडी दमदमा, म्हणजे उंच मचाण, उभारून त्यावर तोफा चढवल्या होत्या.