उंची दुप्पट केली, वेग नाही

प्रश्न : वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, असे पुस्तकात आहे. मीटरभर लांबीच्या तिरप्या पन्हळीवरून गोटी सोडली आणि पायथ्याशी ठेवलेली रिकामी काडेपेटी किती सरकते ते मोजले. उंची १० सेंमीवरून २० सेंमी केली, तर पेटी जेमतेम दुप्पट सरकली. चुकले कुठे?

उत्तर : तुमचे मोजमाप बरोबर आहे. दुप्पट झाली ती उंची, वेग नव्हे. गोटीला ऊर्जा मिळते ती उंचीतून, म्हणून उंची दुप्पट तर ऊर्जाही दुप्पट. वेग मात्र उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे फक्त १.४१ पट. १.४१ चा वर्ग करा, २ येतात. पेटीने नेमके तेच दाखवले. वेग खरोखर दुप्पट हवा असेल तर पन्हळ ४० सेंमी उचला. पेटी साधारण चौपट सरकेल.

गोटी हाताने सोडू नका, नकळत धक्का बसतो. पट्टी आडवी धरून गोटी अडवा आणि पट्टी झटकन वर उचला. पन्हळ जिथे जमिनीला टेकते तिथे गोटी आपटते आणि बरीच ऊर्जा तिथेच जाते. त्या कोपऱ्यात जाड कागदाची गोलसर पट्टी चिकटवा. प्रत्येक उंचीला पाच वेळा मोजून सरासरी घ्या.

प्रश्न : याच पेटीने वस्तुमानाचा परिणाम तपासता येईल का?

उत्तर : नको. टक्कर झाल्यावर पेटीला ऊर्जेचा किती वाटा मिळतो, हे गोटी आणि पेटी यांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तरावर ठरते. जड गोटी बरीचशी ऊर्जा स्वतःकडे ठेवून पेटीमागे लोळत राहते, आणि आकडे काहीच धड सांगत नाहीत.

त्यापेक्षा ओली शाडू घ्या. डच शास्त्रज्ञ विलेम ग्राव्हेसांडे यांनी १७२२ च्या सुमारास पितळी गोळे मऊ मातीत टाकून हाच प्रश्न तपासला होता. १६ मिमी व्यासाची काचेची गोटी सुमारे ५.४ ग्रॅम भरते, तेवढ्याच व्यासाची पोलादी गोळी सुमारे १६.७ ग्रॅम, म्हणजे ३.१ पट. पोलादी गोळी २० सेंमीवरून सोडा, काचेची ६२ सेंमीवरून. दोन्ही खळगे सारखेच खोल पडतात. काचेच्या गोटीचा वेग फक्त १.७६ पट होता, तरी वस्तुमानातली तिपटीची तूट भरून निघाली. ऊर्जा वेगाच्या वर्गाने न वाढता नुसत्या वेगाने वाढत असती, तर याच खळग्यासाठी काचेची गोटी जवळजवळ १९२ सेंमीवरून सोडावी लागली असती.

शाडूचा थर किमान ३ सेंमी ठेवा. पातळ थरात गोळीला खालच्या फरशीचा कठीणपणा लागतो आणि जोरदार आघाताचा खळगा उथळ दिसतो. एकदा मार खाल्लेली जागा पुन्हा वापरू नका, शाडू मळून नव्याने सपाट करा.