अमेरिकी सैन्याचे जुने एमआरई (सैनिकांसाठीचे तयार जेवणाचे पाकीट) खाणे सुरक्षित असते का?

आपल्या पाकिटावर मुदतीची तारीख नसून केवळ '१०६८' असा आकडा आहे, असे आपण लिहिले आहे. त्यातील पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असून पुढचे तीन अंक वर्षातील दिवस दाखवतात. म्हणजे हे पाकीट २०२१ च्या (किंवा २०११ च्या, कारण दशक त्यात लिहिलेलेच नसते) ६८ व्या दिवशी, ९ मार्चला भरलेले आहे.

मात्र वयापेक्षा साठवणुकीचे तापमान अधिक महत्त्वाचे आहे. सुमारे २७ अंश सेल्सिअसला तीन वर्षे टिकणारे हेच अन्न ३८ अंशांना सहा महिन्यांतच आपला दर्जा गमावते. या मुदती मुख्यतः चव, रंग व पोषणमूल्यांच्या आहेत, कारण मुख्य पदार्थ पाकिटात हवाबंद करून उच्च तापमानाला निर्जंतुक केलेला असतो. चीज स्प्रेड तपकिरी पडणे किंवा शेंगदाण्याच्या लोण्याला खवट वास येणे, ही जुनेपणाची नेहमीची लक्षणे होत.

खरा धोका आतील पाकीट फुगलेले, शिवणीपाशी सुटलेले किंवा टाचणीएवढे छिद्र पडलेले असल्यास संभवतो. बोटुलिनम या, हवाबंद अन्नात वाढणाऱ्या जिवाणूंच्या प्राणघातक विषाला वास वा चव असेलच असे नाही, त्यामुळे "थोडे चाखून पाहू" हा विचार मुळीच करू नये. असे पाकीट न उघडताच टाकून द्यावे. विक्रेत्याने ते कोणत्या गोदामात ठेवले होते हे कळत नसेल, तर मी स्वतः ते खाणार नाही.