मदरशाचा नवा अभ्यासक्रम आखतेस, तर ऐक

अगं, आधी तो ‘मॉडर्न विषयांचा’ वेगळा तास खोड. सकाळी दीन म्हणजे धर्म, दुपारी दुनिया अशी वाटणी केली की मुलं दुपारचं दप्तर उघडतच नाहीत. बडोद्यात मी चार वर्षं हीच चूक केली.

पृथ्वीगोल आणि दोरा घे. मक्का 21.4 उत्तर अक्षांशावर, आपलं बडोदा 22.3 वर. किब्ला, म्हणजे नमाजाची मक्केकडची दिशा, कुठे, विचार. पश्चिमेच्या जरा दक्षिणेला, म्हणतील. मग गोलावर बडोद्यापासून मक्केपर्यंत दोरा ताणून सर्वांत जवळची वाट दाखव. तो पश्चिमेच्या सुमारे पाच अंश उत्तरेला निघतो! आमच्याकडे एक पोरगा तीनदा दोरा सोडून पुन्हा ताणत बसला होता. भूगोल तिथेच सुरू झाला.

अपूर्णांक इस्लामी वारसाहक्कातून शिकव. वारलेल्या माणसामागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी: 24 भागांत 3, 14, 7. जुना गणिती अल-ख्वारिझ्मी, त्याच्या बीजगणितातही अशा वाटण्यांचा मोठा भाग आहेच.

दर्स-ए-निझामीला, म्हणजे मदरशांच्या जुन्या पाठ्यक्रमाला, मात्र जपून हात लाव. 18व्या शतकात लखनौच्या फिरंगी महाल या विद्याकेंद्रात ती आकाराला आली, तेव्हा तर्कशास्त्र आणि गणितही तिच्यात होतं. मौलानांना हे सांग, पण चहा झाल्यावर.

आणि समजावणं मराठीतच कर. घरी मराठी, बाजारात गुजराती, पुस्तकात उर्दू. पोरं दमतात गं.