गच्चीवर पहिली भाजी लावताना

ताई, एप्रिल-मेमध्ये सुरुवात करू नका. सोलापुरात पारा चाळिशीपार जातो, गच्चीची फरशी तर त्याहून तापते आणि कोवळं रोप करपतं. मृगाच्या सरींची वाट बघा.

आपली काळी माती नुसती कुंडीत भरली तर पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगाळते. म्हणून तिच्यात निम्मं तरी चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा. वरून उसाच्या पाचटाचा जाड थर द्या. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ओल टिकवणं हे इथलं खरं काम. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी अजिबात वाया घालवू नका.

पहिल्यांदा गवार आणि अंबाडी लावा, दोन्ही ऊन सोसतात. मेथी दिवाळीच्या आसपास पेरा. टोमॅटोचा मोह मात्र पहिल्या वर्षी टाळाच.

एक दुधीचा वेल जरूर चढवा. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि नर फुलाचे परागकण मादी फुलापर्यंत नेणारे पतंग (कीटक) येतात. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी आधीच असतो. परागकण मिळाले नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. मुलांना संध्याकाळी फुलं उमलताना गच्चीवर न्या. मंडईतली भाजी कशी तयार होते, हे त्यांना त्या वेलापाशी कळेल. पतंग दिसले नाहीत तर नर फूल तोडून मादी फुलावर अलगद फिरवा. औषध फवारायची घाई नको, मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर आधी निंबोळी अर्क वापरा.