डिझेल आणि पेट्रोल, दोन्ही इंजिनांना एकच ऑइल चालेल का?

चालेल, पण तुमच्या सहा इंजिनांपैकी चारांनाच.

तुम्ही लिहिलंय की शेडमध्ये डिझेलचा ट्रॅक्टर आणि डिझेल जनरेटर आहे, पेट्रोलवरचा पॉवर टिलर आणि पाण्याचा पंप आहे, शिवाय घरची टर्बो पेट्रोल कार आणि एक मोटरसायकल. प्रत्येकाचा डबा वेगळा, निम्मे अर्धवट संपलेले, आणि कुठला कशाचा ते लक्षात राहत नाही. म्हणून सगळ्यांसाठी २० लिटरचा एकच डबा आणावा का, असं विचारलंय. मीही बरीच वर्षं अशीच सरमिसळ यंत्रं सांभाळतोय. ट्रॅक्टर, जनरेटर, टिलर आणि पंप या चौघांना मी एकाच डब्यातलं ऑइल घालतो: १५डब्ल्यू-४० ग्रेडचं डिझेल ऑइल, ज्याच्या मागच्या बाजूला सीके-४ आणि एसएन अशी दोन्ही अक्षरं छापलेली आहेत. कार आणि बाइक यांचं ऑइल वेगळ्या कप्प्यात असतं. असं का, ते सांगतो. ते एकदा कळलं की डबा उलटा करून तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते सोडून द्या. मागे छोट्या अक्षरात 'एपीआय' (ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) या शब्दापुढे जे असतं ते वाचायचं. 'एस'ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनाची, 'सी'ने सुरू होणारी डिझेलची. स्पार्कचा एस आणि कॉम्प्रेशनचा सी असं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. पेट्रोलमध्ये एसएल २००१ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. डिझेलमध्ये सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा, सीजे-४ २००६ चा आणि सीके-४ २०१६ च्या अखेरचा. दोन्ही छापलेले असतील तर जो आधी लिहिलाय, त्या इंजिनासाठी ते ऑइल मुळात बनवलेलं असतं. 'सीके-४/एसएन' म्हणजे पेट्रोललाही चालणारं डिझेल ऑइल.

आता उलटा प्रकार बघा, कारण बहुतेक जण इथेच फसतात. पेट्रोल कारच्या ऑइलवर अनेकदा 'एसएन/सीएफ' असं असतं. सी दिसला की माणूस समजतो, डिझेललाही चालेल. पण हा सीएफ १९९४ चा, जुन्या धाटणीच्या साध्या डिझेल इंजिनांचा दर्जा. त्यानंतर डिझेल इंजिनं किती बदलली ते वरच्या सालांवरूनच दिसतं. मी स्वतः एकदा याच सी वर विश्वास ठेवून जनरेटरमध्ये कारसाठी आणलेलं उरलेलं ऑइल भरलं होतं. पुढच्या बदलाच्या वेळी इंजिन गरम असताना ड्रेन बोल्ट काढला, तरी ऑइल धार धरून पडेना. ते लोंबत, तुटत, जाड काकवीसारखं उतरत होतं. रॉकर कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, उघडलं तर आतल्या कोपऱ्यांत बोटानं खरवडून काढावा लागेल इतका काळा थर. त्या जनरेटरचं इंजिन वाचलं ते केवळ तास कमी भरले होते म्हणून.

असं का होतं? डिझेल जळताना काजळी तयार होते आणि त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांना ओलांडून खाली ऑइलमध्ये येते. चांगलं डिझेल ऑइल हे कण एकमेकांपासून सुटे ठेवतं, त्यांना तरंगत ठेवतं. म्हणून डिझेल इंजिनात नवीन ऑइल टाकल्यावर काही तासांत ते काळं दिसतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. ऑइल आपलं काम करतंय. काजळी सुटी ठेवणारं रसायन पेट्रोलच्या ऑइलमध्ये बेतानंच असतं. ते संपलं की कण एकमेकांना चिकटतात, ऑइल घट्ट होतं, फिल्टर तुंबतो आणि कॅम आणि टॅपेट या व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांवर झीज सुरू होते. जोडीला डिझेलमधल्या गंधकापासून आम्ल तयार होतं, ते मारायला ऑइलमध्ये पुरेसा अल्कली साठा लागतो. डिझेल ऑइलमध्ये तो भरपूर असतो.

याउलट डिझेलचं ऑइल साध्या पेट्रोल इंजिनात टाकलं तर जास्तीची ताकद वाया जाते, बिघडत काही नाही. टिलर आणि पंपाची इंजिनं हवेवर थंड होणारी, त्यामुळे ती पाण्याच्या रेडिएटरवाल्या इंजिनांपेक्षा जास्त तापतात. तिथे थोडं दणकट ऑइल मला तरी बरंच वाटतं. पण एस असलेलाच डबा घ्या. छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत 'एसजे किंवा त्यापुढचं' अशी अट असते, आणि काही डब्यांवर नुसता सीके-४ असतो, एस नसतोच. तसा डबा नको.

ग्रेडचं थोडं. १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा गारठ्यात ऑइल किती वाहतं ते सांगतो, नंतरचा तापलेल्या इंजिनात किती जाड राहतं ते. छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा १०डब्ल्यू-३० सुचवलेलं असतं, पण शेजारीच तापमानाचा तक्ता असतो. उष्ण आणि मध्यम हवेत त्या तक्त्यात जाड ग्रेड बसतो का ते एकदा पाहून घ्या. थंडी कडाक्याची असेल तर १५डब्ल्यू नं टिलरची दोरी ओढताना हात भरून येतो आणि पहिले काही क्षण वरच्या भागापर्यंत ऑइल उशिरा पोचतं. अशा ठिकाणी त्याच सीके-४ दर्जाचं ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-३० घ्यावं, अर्थात ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत ते मान्य असेल तर.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. सीके-४ सोबतच एफए-४ नावाचा दर्जा आला. त्यातही १०डब्ल्यू-३० मिळतं, डबेही सारखेच दिसतात. पण ते ऑइल मुद्दाम पातळ ठेवलेलं आहे, रस्त्यावरच्या काही नव्या ट्रक इंजिनांसाठी, आणि जुन्या इंजिनांना ते लागू नाही. त्याच्या डब्यावरच्या एपीआयच्या गोल चिन्हाचा एक भाग रंगवलेला असतो. तो दिसला तर डबा परत ठेवा.

सीके-४ की सीआय-४, हे तुमच्या ट्रॅक्टरवर ठरेल. धुराच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी असेल तर सीके-४ किंवा सीजे-४ च हवं. जाळीत अडकलेली काजळी अधूनमधून जाळून टाकता येते, पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही. ती साचत जाते आणि जाळी कायमची बंद होते. सीजे-४ पासून राखेवर १ टक्क्याची मर्यादा आली, सीआय-४ ला ती नाही. जाळी नसेल, इंजिन जुनं असेल आणि डिझेल जास्त गंधकाचं मिळत असेल तर सीआय-४ सुद्धा उत्तम काम करतं. अशा डिझेलवर सीके-४ वापरलंत तर ऑइल बदलायची मुदत थोडी आधी धरा.

आता कार. टर्बो आणि थेट इंजेक्शन असलेल्या पेट्रोल इंजिनात, कमी फेऱ्यांवर जोर पडला की कधीकधी प्लगची ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेतं. हा धक्का इतका जबरदस्त असतो की पिस्टनचा रिंगांमधला भाग तुटू शकतो. ऑइलमध्ये कॅल्शियमवालं डिटर्जंट जास्त असलं की ही शक्यता वाढते, आणि डिझेल ऑइलमध्ये नेमकं तेच भरपूर असू शकतं. यासाठीच २०१८ मध्ये एसएन प्लस आणि मग एसपी हे दर्जे आले. शिवाय झीज थांबवणाऱ्या जस्ताच्या रसायनातला फॉस्फरस कारच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागाला, निकामी करत जातो. कारच्या पातळ ग्रेडमध्ये तो ०.०८ टक्क्यांवर रोखलेला आहे, सीके-४ मध्ये ०.१२ पर्यंत चालतो. आणि ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात १५डब्ल्यू-४० ओतणं म्हणजे ज्या बारीक वाटांतून ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हचं टायमिंग हलतं, तिथे जाड ऑइल कोंबणं. कारचं इंजिन महागडं आहे आणि ऑइल लागतं चार-पाच लिटर. तिथे काटकसर करू नका, पुस्तिकेत आहे तेच घाला.

बाइकची अडचण वेगळी. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, ती क्लच प्लेटवर बसली की इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' हा अशा क्लचसाठीचा जपानी दर्जा हवा. काही डिझेल ऑइलवर जासो एमए छापलेलं असतं. तसा डबा मिळाला आणि ग्रेड पुस्तिकेशी जुळला, तर बाइकही त्या चौघांच्या रांगेत येऊ शकते. नुसत्या अंदाजानं मी ते करणार नाही.

तुमच्या यादीत नाही, तरी सांगून ठेवतो: टू-स्ट्रोक फवारणी पंप किंवा करवत असेल तर पेट्रोलमध्ये मिसळायला टू-स्ट्रोकचंच ऑइल. या डब्यातला थेंबही नको. आणि ट्रॅक्टरच्या मागच्या भागात, गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइलमधल्या ब्रेकसाठी जे भरतात ते वेगळंच असतं; इंजिनाचं ऑइल तिथे गेलं तर ब्रेक कर्कश आवाज करतात आणि पकड बिघडते.

खरी काळजी मला तुमच्या टिलर आणि पंपाची वाटते. पाच-सहा हॉर्सपॉवरच्या इंजिनात जेमतेम अर्धा-पाऊण लिटर ऑइल मावतं, आणि बहुतेकांना ऑइलचा फिल्टरच नसतो. ऑइल पंपही नसतो. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला असलेली पळी प्रत्येक फेरीला ऑइलमध्ये बुडते आणि ते आत सगळीकडे उडवते. पाव लिटर कमी झालं आणि टिलर उतारावर तिरका चालला, की पळी कोरडीच फिरते. दोन-चार मिनिटांत रॉड क्रँकला धरून बसतो. अशी तुटलेली रॉड मी हातात घेऊन पाहिली आहे. काळवंडलेली, कडेला ॲल्युमिनियम वितळून पसरलेलं. ऑइल उत्तम दर्जाचं होतं, फक्त कमी होतं. म्हणून रोज सुरू करण्याआधी सपाट जागी पातळी बघा. यातल्या बऱ्याच इंजिनांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. फिरवून बसवली तर ती जास्त खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. नव्या इंजिनाचं ऑइल पहिल्या २० तासांनी बदला, नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, आधी जे येईल तेव्हा. अर्ध्या लिटरसाठी नवा डबा आणावा लागतो म्हणूनच लोक हा बदल टाळतात. शेडमध्ये २० लिटर तयार असेल तर तो वेळेवर होतो, आणि मला एकच ऑइल ठेवण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो.

डबा आणलात की त्यावर मार्करनं चारही यंत्रांची नावं लिहा, आणि ओतायचं नरसाळं झाकण असलेल्या डब्यात ठेवा. नरसाळ्यावरची धूळ फिल्टर नसलेल्या इंजिनात सरळ बेअरिंगपर्यंत जाते. टिलरमध्ये आतापर्यंत दुसरं काही ऑइल असेल तर नव्या ऑइलचा पहिला बदल ठरल्यापेक्षा लवकर, ५० तासांच्या आसपास करा. डिझेल ऑइल आतला जुना चिकटा सोडवतं, त्यामुळे ते पहिल्यांदा पटकन काळं पडू शकतं.

ट्रॅक्टर कोणत्या सालचा आहे, त्याला डीपीएफ आहे का, आणि तुमच्याकडे हिवाळ्यात पारा किती खाली जातो, हे खाली लिहा. सीके-४ की सीआय-४, आणि १५डब्ल्यू की ५डब्ल्यू, ते मग नेमकं सांगतो.