‘गो’चा भूतकाळ ‘वेन्ट’ कसा झाला?

तुम्ही विचारलंय, ‘वॉक’चं ‘वॉक्ड’ आणि ‘प्ले’चं ‘प्लेड’ होतं, तर ‘गो’चं ‘गोएड’ का होत नाही? ‘गो’शी काडीचंही साम्य नसलेलं ‘वेन्ट’ आलं कुठून? शाळेत तुम्हाला “तसंच आहे, पाठ करा” असं सांगितलं गेलं. मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. वर्गात हा प्रश्न ज्याला पडतो, त्याचं भाषेकडे लक्ष आहे असं मी समजते. त्याला ‘पाठ कर’ म्हणून गप्प करणं मला पटत नाही, कारण याचं उत्तर आहे आणि ते सुंदर आहे.

‘वेन्ट’ हे मुळात ‘गो’चं रूपच नाही. ते ‘वेन्ड’ या वेगळ्याच क्रियापदाचं रूप. जुन्या इंग्रजीत ‘वेन्डन’ म्हणजे वळणं, आणि त्यावरून वाट धरणं, जाणं. ‘सेन्ड’चं ‘सेन्ट’, ‘बेन्ड’चं ‘बेन्ट’, ‘स्पेन्ड’चं ‘स्पेन्ट’, तसं ‘वेन्ड’चं ‘वेन्ट’. म्हणजे ते अगदी नियमात बसणारं रूप आहे, फक्त दुसऱ्याच्या घरात राहायला आलेलं. त्याआधी ‘गो’चा भूतकाळ ‘एओदे’ असा होता, आणि गंमत म्हणजे तोही ‘गो’पासून बनलेला नव्हता! हे ‘एओदे’ झिजत झिजत मागे पडलं आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास त्याची जागा ‘वेन्ट’ने घेतली. आपलं रूप गेल्यावर ‘वेन्ड’ने स्वतःसाठी ‘वेन्डेड’ असं नवं रूप करून घेतलं. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र ‘गो’पासूनच ‘गेड’ असं रूप तयार झालं. तिकडच्या मुलाला तुमचा प्रश्न पडला नसता.

आता जरा मराठीकडे बघा. ‘जाणे’चा भूतकाळ काय? ‘जाला’ नाही, ‘गेला’. ‘जा’ आणि ‘गे’ यांत तरी काय साम्य आहे? ‘जाणे’ आलं संस्कृत ‘या’ धातूवरून (याति), आणि ‘गेला’ आलं ‘गम्’वरून (गत). दोन वेगळे धातू, क्रियापद एक. इंग्रजीत जे झालं तेच. ‘येणे’चं ‘आला’ही तसंच, तो ‘आगत’चा वंशज. आणि ‘होणे’चं ‘झाला’? ‘होणे’ ‘भवति’वरून, तर ‘झाला’ ‘जात’वरून, म्हणजे जन्मलेला या अर्थाच्या शब्दावरून. जुन्या मराठीत ते ‘जाला’ असंच लिहिलेलं सापडतं. एका क्रियापदाने दुसऱ्याचं रूप असं आपलंसं करण्याला भाषाशास्त्रात सप्लीशन म्हणतात. आपण दिवसातून शंभर वेळा ते करतो आणि आपल्याला ते खटकत नाही, कारण हे आपण पाठ केलेलं नसतं, ऐकत ऐकत आलेलं असतं.

असं होतं ते बहुतेक रोजच्या वापरातल्या क्रियापदांतच. क्वचित लागणाऱ्या शब्दाचं विचित्र रूप लोक विसरतात आणि सरळ नियम लावून मोकळे होतात. ‘वेन्ट’ किंवा ‘गेला’ विसरायला सवडच मिळत नाही. लहान मुलं काही दिवस नियम लावून बघतात खरी. इंग्रजी घरातलं पोर ‘गोएड’ म्हणतं, आपल्याकडचं “मी करलं” म्हणतं. दोघांचंही डोकं व्याकरणात उत्तम चाललेलं असतं.

तुम्ही शेवटी ‘गो’ म्हणजे संस्कृत ‘गम्’च का, असंही विचारलंय. ऐकायला तसं वाटतं, पण नाही. संस्कृतात जिथे ‘ग’ असतो तिथे इंग्रजीत बहुधा ‘क’ सापडतो. संस्कृत ‘गो’, आपली गाय, इंग्रजीत ‘काऊ’ होते. त्याच हिशेबाने ‘गम्’चा इंग्रजी भाऊ आहे ‘कम’! म्हणजे आपला ‘आला’ आणि इंग्रजांचा ‘केम’ एकाच मुळाचे, आणि आपला ‘गेला’सुद्धा त्याच घरातला. इंग्रजी ‘ग’समोर संस्कृतात कधी कधी ‘ह’ येतो, जसं ‘गूस’ आणि ‘हंस’. म्हणून ‘गो’चं नातं अभ्यासक ‘हा’ धातूशी जोडतात. ‘जिहीते’ म्हणजे निघून जातो, हे त्याचंच रूप.

अर्थांचं म्हणाल तर ‘गो’ आणि ‘जाणे’ बरंच अंतर बरोबर चालतात: रस्ता साताऱ्याला जातो, लाइट गेली, दोन वर्षं गेली. हे सगळं इंग्रजीत ‘गो’ने सांगता येतं. पुढे वाटा फुटतात. घड्याळ चालू असेल तर इंग्रजीत ते ‘गो’ करतं, आपलं घड्याळ ‘गेलं’ तर ते बिघडलेलं असतं किंवा चोरीला. ‘गोइंग टू’ने इंग्रजी भविष्यकाळ सांगते. तो प्रयोग खरोखरच्या चालण्यातून आला: काही करायला निघालेला माणूस ते करणार, हे उघडच. मराठीने ‘जाणे’ला दुसरंच काम दिलं. ‘पत्र लिहिलं जातं’, ‘दार उघडलं गेलं’ असा कर्मणी प्रयोग आपण त्याच्यावर उभा करतो. वर मीही ‘सांगितलं गेलं’ लिहून गेले, बघा.

वर्गात मी फळ्यावर सेन्ड-सेन्ट, बेन्ड-बेन्ट, स्पेन्ड-स्पेन्ट असं एकाखाली एक लिहिते, त्यांच्याखाली उजवीकडे ‘वेन्ट’ लिहून डावी जागा रिकामी ठेवते आणि खडू मुलांच्या हातात देते. ‘वेन्ड’ हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नसतो, तरी कुणी ना कुणी उठून तो लिहितंच.