सर्वधर्म दिन : पोशाख नकोत, दिनदर्शिका घ्या

प्रश्न : नागपुरातल्या अनुदानित शाळेत मी सातवीला शिकवते. वर्गात हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती घरांतली मुलं आहेत. ‘सर्वधर्म दिना’ला मुलांनी त्या-त्या पोशाखात आरती, नमाज, वंदना करून दाखवावी असं ठरतंय. काही पालक नाराज आहेत. काय करावं?
— एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : पालकांचं बरोबर आहे. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेत उपासनेत भाग घेण्याची सक्ती करता येत नाही. अल्पवयीन मुलासाठी पालकांची संमती लागते. धर्मांविषयी शिकवायला मात्र आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलं आहे.

दोन तासिका दिनदर्शिकेवर घ्या. सौर वर्ष ३६५ दिवसांचं, चांद्र वर्ष ३५४ चं. उरलेल्या ११ दिवसांचं काय होतं, ते मुलांनाच शोधू द्या. हिजरी वर्षात ते भरून काढत नाहीत, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरते. पंचांगात अधूनमधून अधिक मास येतो (२०२३ मध्ये अधिक श्रावण होता), म्हणून दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडत नाही. नाताळची तारीख पक्की, ईस्टर मात्र पौर्णिमेवर ठरतो. बोहरा समाज चंद्रदर्शनाऐवजी गणिती मिस्री दिनदर्शिका पाळतो. त्यामुळे एकाच वर्गातल्या दोन मुस्लिम मुलांची ईद वेगळ्या दिवशी असू शकते. एका धर्मातही सगळं एकसारखं नसतं, हे इथे आपोआप कळतं.

मग विजयादशमीवर या. १४ ऑक्टोबर १९५६ ला दसरा होता. त्या दिवशी डॉ. आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, आणि आजही दीक्षाभूमीवर गर्दी लोटते ती त्या तिथीला. खरी कसोटी इथेच. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत हिंदू देवदेवतांना स्पष्ट नकार आहे. ‘सगळे धर्म एकच सांगतात’ हे गुळमुळीत वाक्य त्यापुढे टिकत नाही. ते न वापरलेलंच बरं. अस्पृश्यता आणि जातिव्यवस्था यांचा संदर्भ आधी द्या, मग नकाराचं कारण सांगा. बोलताना ‘बौद्ध असं मानतात’, ‘हिंदू असं मानतात’ अशीच वाक्यरचना ठेवा. ‘आपण’ आणि ‘ते लोक’ अजिबात नको.

‘तू मुस्लिम ना, सांग बरं’ असं कोणालाही उभं करू नका. सातवीतल्या पोराला अख्ख्या धर्माची वकिली झेपत नाही. कोणी आपणहून बोललं तर तेवढं ऐकून घ्या. काय शिकवणार याची पानभर टिपण आठवडाभर आधी पालकांना पाठवा.